नॅट वन पडला, आता पुढे? डी अँड डी मध्ये धमाल फंबल आणायची पद्धत

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून डाइस टाकत गोष्ट पुढे न्यायचा रोलप्लेइंग गेम. त्यात नवीन डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारा) झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या काही सेशनमध्येच ही आयडिया सुचते, की नॅट ट्वेंटीला (वीस बाजूंच्या डाइसवर थेट २०) जर डॅमेजचे डाइस डबल होतात तर नॅट वनला (थेट १) पण काहीतरी भयंकर व्हायला पाहिजे. मग तो रात्री बसून शोधतो, कुठलंतरी शंभर ओळींचं टेबल सापडतं, त्यात एका ओळीत लिहिलेलं असतं की तुमच्याच तलवारीने तुमचा पाय तुटला, आणि पुढच्या शनिवारी बिचाऱ्या फायटरचा खरंच पाय जातो. टेबलावर पाच मिनिटं हशा. त्यानंतर दोन-तीन सेशन झाले की फायटरवाला "जरा ऑफिसचं काम आहे रे" म्हणून यायचा बंद.

मी बरीच वर्षं डीएमच्या स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना, डीएम आणि प्लेयर म्हणून, बसलोय, आणि फंबल (नॅट वनवर होणारा पचका) मला मनापासून आवडतात, त्यामुळे "फंबल वापरूच नका" असं सांगणारा हा लेख नाहीये. पण ते आणायची एक पद्धत असते. नॅट वन पडला की सीन हलला पाहिजे, कोपऱ्यातलं काहीतरी पडलं पाहिजे, शत्रूने काहीतरी वेगळं केलं पाहिजे, प्लेयरला पुढच्या टर्नला नवीन काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. कॅरेक्टरचं वाटोळं करणं हा त्यातला सगळ्यात आळशी प्रकार आहे.

खाली सगळं डी अँड डी च्या पाचव्या एडिशनला धरून सांगतोय. २०१४ ची पुस्तकं वापरा नाहीतर २०२४ ची, या विषयापुरता फार फरक पडत नाही, जिथे पडतो तिथे सांगेन.

काय काय लागेल

- मूळ नियम. पुस्तक नसेल तर एसआरडी नावाची मूळ नियमांची पीडीएफ फुकट मिळते, २०२३ पासून ती क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, त्यामुळे डाउनलोड करायला कोणाची परवानगी नको.
- प्रत्येकाकडे एक डी२० (वीस बाजूंचा डाइस) असतोच, त्याशिवाय तुमच्याकडे सहा बाजूंचा एक डी६ आणि चार बाजूंचा एक डी४.
- कोरी कार्डं किंवा साधी वही, आणि पेन्सिल. पेन नको, कारण अर्ध्या ओळी तुम्ही खोडणार आहात.
- प्लेयरची कॅरेक्टर शीट बघायला मिळाली पाहिजे, निदान क्लास, लेव्हल आणि रेस किंवा स्पीशीज कुठली आहे एवढं तरी.
- ग्रुपचा होकार. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळे हेच विसरतात.

१. आधी मूळ नियम नीट वाचा

अटॅक रोलवर डी२० ला १ आला की अटॅक चुकतो. तुमचा बोनस कितीही असो, समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) कितीही फालतू असो, चुकला म्हणजे चुकला. आणि बस, तेवढंच. शस्त्र हातातून पडत नाही, धनुष्याची दोरी तुटत नाही, शेजारच्या क्लेरिकच्या डोक्यात काही बसत नाही. पुस्तकात फंबल नाहीच आहे, तो आपण घरी करतो तो मामला आहे.

स्किल चेक (कौशल्याचा रोल) आणि सेव्हिंग थ्रोला (संकट चुकवायचा रोल, थोडक्यात सेव्ह) तर १ ला वेगळा काही अर्थच नाही. स्टेल्थला +११ असलेल्याला १ पडला तरी टोटल १२ होते, आणि पेंगणाऱ्या पहारेकऱ्याच्या नाकाखालून तो आरामात निघून जातो. आपल्याकडे बऱ्याच टेबलांवर "नॅट वन म्हणजे फेल" असं सगळे धरून चालतात आणि कोणी तपासत नाही. अपवाद एकच, डेथ सेव्ह, म्हणजे मरायला टेकलेला जगतो की जातो हा रोल. तिथे १ म्हणजे थेट दोन फेल्युअर. तिथे आपला फंबल अजिबात घुसवू नका, माणूस आधीच मरतोय.

बाकी गेममध्ये कसं असतं ते पण थोडं माहीत असू दे, म्हणजे कोणी "त्या गेममध्ये तर असतं" म्हणालं तर उत्तर देता येतं. रूनक्वेस्टमध्ये १९७८ पासून फंबलची टेबलं आहेत. कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या एडिशनमध्ये टक्केवारीच्या डाइसवर १०० आला की फंबल, आणि यशासाठी लागणारा आकडा ५० च्या खाली असेल तर ९६ पासूनच फंबल, म्हणजे ज्याला येत नाही तो जास्त आपटतो, हे मला फार पटतं. पाथफाइंडरच्या दुसऱ्या एडिशनमध्ये टार्गेटपेक्षा १० किंवा जास्तने कमी पडलात की क्रिटिकल फेल्युअर, आणि नॅट वन असेल तर जो काही निकाल आला असेल तो एक पायरी खाली. हे गेम फंबल धरूनच बनवलेत. डी अँड डी तसा बनवलेला नाही, त्यामुळे वरून चिकटवताना जपून.

२. ग्रुपला विचारा, आणि खरंच विचारा

सेशन झीरो (खेळ सुरू व्हायच्या आधीची गप्पांची बैठक) करत असाल तर तिथे, नाहीतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर. पण "फंबल ठेवूया का? धमाल येईल" असं विचारलंत तर सगळे थंब्स अप देतील आणि कोणालाच कळलेलं नसेल की कशाला हो म्हटलं. उदाहरण देऊन विचारा. "समजा बॉस फाइटला तुझा नॅट वन पडला आणि तुझी कुऱ्हाड दारात रुतून बसली, चालेल का? आणि ती तुटली तर?" पहिल्याला बहुतेक जण हो म्हणतात, दुसऱ्याला चेहरे बदलतात. तिथेच तुमची मर्यादा कळते.

काही प्लेयर फार सिरियस कॅरेक्टर घेऊन येतात, बापाच्या खुनाचा सूड वगैरे, त्यांना आपल्या माणसाचा पचका झालेला आवडत नाही, आणि त्यात चूक काहीच नाही. त्यांच्यासाठी फंबल गंभीर ठेवता येतो, ते पुढे सांगतो. आणि ग्रुपमध्ये कोणी अगदी पहिल्यांदा खेळत असेल तर पहिली काही सेशन फंबल बंदच ठेवा. नवीन माणसाला पहिल्याच रोलला १ पडतो आणि सगळे हसतात, तेव्हा तो पण हसतो, पण त्याला वाटत असतं आपण काहीतरी चुकीचं केलं.

३. किती वेळा होणार याचं गणित करा

हे कंटाळवाणं वाटेल पण सगळी भांडणं इथून सुरू होतात.

एका डी२० वर १ येण्याचा चान्स ५ टक्के. वीस रोलमध्ये सरासरी एक. चौथ्या-पाचव्या लेव्हलची चार जणांची पार्टी असेल तर एका फाइटमध्ये वीसेक अटॅक रोल सहज होतात, म्हणजे साधारण दर फाइटला एक फंबल, मॉन्स्टरचे वेगळे. अॅडव्हान्टेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा घ्यायचा) असेल तर दोन्ही डाइसवर १ यायला लागतो, म्हणजे ४०० मध्ये एकदा. डिसअॅडव्हान्टेजला (लहान आकडा घ्यायचा) मात्र दोनपैकी कुठलाही १ पुरतो, तो चान्स ९.७५ टक्के, जवळजवळ डबल.

आता खरा घोळ बघा. फायटर पाचव्या लेव्हलला एका टर्नमध्ये दोनदा मारतो, अकराव्याला तीनदा, विसाव्याला चारदा. दोन अटॅकमध्ये निदान एक नॅट वन पडायचा चान्स ९.७५ टक्के, तीनमध्ये १४ च्या थोडा वर, चारमध्ये साडेअठरा. विसाव्या लेव्हलच्या फायटरने अॅक्शन सर्ज (एक जादा अॅक्शन) वापरून आठ वार केले तर ३३ टक्क्यांच्या वर. म्हणजे जगातला सगळ्यात भारी तलवारबाज दर तिसऱ्या मोठ्या टर्नला स्वतःच्याच पायात पाय अडकून पडणार, आणि कालच तलवार हातात घेतलेला पोरगा वीस टर्नमध्ये एकदा. मंकचे तर पाचव्या लेव्हललाच चार वार होतात, दोन अटॅक आणि वर फ्लरी ऑफ ब्लोजचे दोन.

आणि विझर्ड? तो फायरबॉल टाकतो आणि निवांत बसतो. डाइस समोरच्या गोब्लिनने टाकायचे, सेव्ह त्यांचा. विझर्डला नॅट वन पडायची सोयच नाही. आधीच त्या क्लासला काय कमी आहे, त्यात ही सूट.

४. ट्रिगर ठरवा

वरचं गणित सुटायला तीन उपाय आहेत, त्यातला एकच घ्या, सगळे एकत्र नको.

पहिला: टर्नमधल्या फक्त पहिल्या अटॅकला फंबल लागू. बाकीच्या अटॅकवर १ आला तर नुसता मिस. यात सगळ्यांना दर टर्नला सारखेच ५ टक्के. ऑपर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावर मारलेला वार) वगैरे रिअॅक्शनवाले, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायचे, प्रकार यातून बाहेर. मला हाच आवडतो कारण टेबलावर कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

दुसरा: कन्फर्म रोल. नॅट वन पडला की तोच अटॅक परत रोल करायचा, त्यात पण चुकला तरच फंबल. जो ६५ टक्के वेळा मारतो त्याचा फंबल ५ टक्क्यांवरून १.७५ टक्क्यांवर येतो, आणि ज्याला येत नाही त्याचा जास्त राहतो. हिशेबाने हा सगळ्यात न्याय्य आहे पण वेळ खातो, आणि पहिला १ बघून जो आरडाओरडा होतो तो दुसऱ्या रोलला विझून जातो.

तिसरा: प्लेयरने ठरवायचं. नॅट वन पडला, डीएम विचारतो "घेणार का?" घेतला तर फंबल होतो आणि बदल्यात इन्स्पिरेशन (पुढच्या रोलला मदत, नवव्या भागात सांगतो) मिळतं, नाही घेतला तर नुसता मिस. हट्टी आणि सिरियस प्लेयर असलेल्या टेबलावर हा बेस्ट. मजा अशी की दोन-तीन सेशनमध्ये तेच सिरियसवाले सगळ्यात जास्त वेळा "घेतो" म्हणायला लागतात.

हे करताना कॅरेक्टर शीट बघायला विसरू नका. हाफलिंगला १ पडला तर तो परत रोल करतो, हे त्याच्या रेसमध्येच आहे, त्यामुळे फंबल ठरतो तो दुसऱ्या रोलवर. लकी फीट (नशिबाचे पॉइंट देणारी खास क्षमता) घेतलेला कोणी असेल तर त्याला पॉइंट वापरू द्या, आधी वापर आणि मगच फंबलचा डाइस. रोग क्लासला वरच्या लेव्हलला रिलायबल टॅलेंट मिळतं, २०१४ मध्ये अकराव्या आणि २०२४ मध्ये सातव्या लेव्हलला, त्यात ज्या स्किलमध्ये तो पक्का आहे तिथे ९ किंवा खालचा आकडा १० धरतात. स्किल चेकवर फंबल ठेवून तुम्ही त्याचं ते फीचर फुकट घालवाल. माझ्या मते स्किल चेकवर फंबल ठेवूच नये, पण ठेवलात तर निदान हे तरी पाळा.

५. टेबल लिहा: छोटं आणि तुमच्या फाइटला धरून

शंभर ओळींचं टेबल नको. शोधण्यात वेळ जातो, त्यातल्या ऐंशी ओळी तुमच्या गुहेत लागू पडत नाहीत, आणि फाइटचा जोर उतरतो. सहा ओळींचं करा. संपलं की नवीन सहा लिहा.

प्रत्येक ओळ लिहिताना तीन गोष्टी तपासा. स्वतःला किंवा साथीदाराला डॅमेज होतंय का? झालं तर खोडा. पुढची अख्खी टर्न वाया जातेय का? जात असेल तर खोडा, कारण अर्धा तास थांबून आलेल्या टर्नला "तू उठून उभा राहा" ऐकायला कोणी येत नाही. आणि परिणाम जास्तीत जास्त पुढच्या टर्नच्या शेवटी संपतोय का? नसेल तर लिहून ठेवायचं कोणी, या प्रश्नावर तो मरतो.

ही माझ्याकडची जवळून मारणाऱ्यांची सहा, डी६ टाकायचा:

१. रुतलं. शस्त्र दार, खांब, टेबल, शत्रूची ढाल, जे काही जवळ असेल त्यात रुतलं. बोनस अॅक्शनने काढता येतं, किंवा सोडून दुसरं हत्यार फुकट उपसा. ढालीत रुतलं असेल तर शत्रूला पण ती ढाल तोपर्यंत नीट वापरता येत नाही, त्याचा एसी २ ने कमी.

२. गिरकी. वार हुकला, तोल गेला, दोघं एकमेकांभोवती फिरलात आणि जागा बदलल्या. कोणालाही ऑपर्च्युनिटी अटॅक नाही. साधी वाटते पण बॅटलमॅपवर सगळ्यात जास्त गोंधळ हीच ओळ घालते, कारण अचानक शत्रू तुमच्या विझर्डच्या मांडीवर आणि तुम्ही त्यांच्या सरदाराच्या शेजारी.

३. थैली सुटली. पट्टा तुटून नाणी सगळीकडे. जवळच्या एका हावरट शत्रूने रिअॅक्शन वापरून मूठभर उचलली, म्हणजे त्याच्या पुढच्या टर्नपर्यंत तो ऑपर्च्युनिटी अटॅक करू शकत नाही. पैसे फाइटनंतर मिळतात, बहुतेक. झोंबी असेल तर अर्थातच नाण्याकडे बघणार नाही, तेव्हा परत रोल.

४. दिवा गेला. कंदील, मशाल, समई, काहीतरी पडलं. एक तर तिथे अंधार झाला नाहीतर पाच फुटांच्या चौकोनाला आग लागली, कुठलं ते प्लेयरला विचारा.

५. शत्रू फसला. तुमचा वार इतका विचित्र गेला की समोरच्याला वाटलं ही काहीतरी चाल आहे, तो पाच फूट मागे सरकला. मागे दरी असेल तर डीएमने दात विचकून प्लेयरकडे बघावं.

६. तोंड सुटलं. हत्यार चुकलं आणि तोंडातून नको ते बाहेर पडलं: प्लॅन, साथीदाराचं खरं नाव, नाहीतर नुसतीच शिवी. काय ओरडलात ते प्लेयरने खरंच बोलून दाखवायचं.

लांबून मारणाऱ्यांना डी४ पुरतो. बाण वर कुठेतरी दोरीला लागला आणि जे टांगलं होतं ते खाली आलं. बाण घंटेला, भांड्याला, चिलखताला लागून असा खणखणला की शेजारच्या खोलीला जाग आली. बाणांचा भाता उपडा झाला, या टर्नला अजून मारायचंय तर आधी जिथे बाण सांडलेत त्या जागेवर जा. आणि चौथी, बाण शत्रूच्या टोपीला लागून टोपी भिंतीला खिळली, आता तो फक्त तुमच्यावर खुन्नस धरून आहे. ही चौथी ओळ टँकवाल्याला (पुढे उभा राहून मार झेलणारा) फार आवडते कारण त्याच्यावरचा मार थांबतो, रेंजरला तितकी आवडत नाही.

६. मॅजिकवाल्यांना मोकळं सोडू नका

दोन ट्रिगर ठेवा. स्पेल अटॅक रोलवर १ आला तर नेहमीसारखंच, वॉरलॉकच्या एल्ड्रिच ब्लास्टला पाचव्या लेव्हलपासून दोन किरण असतात आणि प्रत्येकाला वेगळा रोल, तिथे पण पहिल्याच किरणाला लागू. आणि ज्या स्पेलला समोरचा सेव्ह करतो त्यात, समोरच्यांपैकी कोणाचा नॅट ट्वेंटी आला की फंबल विझर्डचा. दहा गोब्लिनवर फायरबॉल टाकला तर निदान एक विशी यायचा चान्स ४० टक्के होतो, ते जास्त आहे, म्हणून इथे पण फक्त पहिल्या रोललाच मोजा, म्हणजे सगळ्यांना परत तेच ५ टक्के.

परिणाम इथे जास्त मोकळे ठेवता येतात कारण जादूला काहीही होऊ शकतं. स्पेल लागतंच, डॅमेज होतंच, पण सोबत काहीतरी येतं. फायरबॉलनंतर अख्ख्या खोलीत भाजलेल्या लसणाचा वास, आणि वासावर जगणारं काहीतरी तळघरात आहे. पुढच्या टर्नपर्यंत विझर्डचा आवाज आणि शत्रूचा आवाज अदलाबदल. दाढी, केस किंवा भुवया निळ्या, लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराची विश्रांती), या एका गोष्टीला मी वरचा "पुढच्या टर्नच्या शेवटी संपलं पाहिजे" नियम मोडू देतो कारण त्याने कोणाचं काही बिघडत नाही आणि सेशनभर पुरतं.

एक सापळा: स्पेल स्लॉट (दिवसाला ठरावीक स्पेल टाकायची संधी) अजून एक जाळणं किंवा कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेल टिकवणारं लक्ष) तोडणं असले परिणाम ठेवू नका. स्लॉट म्हणजे त्यांचा दिवसभराचा पगार आहे.

७. मॉन्स्टरला पण तोच नियम

हे नाही केलंत तर बाकी सगळं करून उपयोग नाही. मॉन्स्टरचा नॅट वन उघड्यावर टाका, स्क्रीनमागे नको, आणि त्याच टेबलावर डी६ प्लेयरला टाकू द्या. ओगर कुऱ्हाड मारायला गेला आणि ती झाडात रुतली, तो एका हाताने ओढतोय आणि दुसऱ्या हाताने बार्बेरियनला हाकलतोय, यावर टेबल जेवढं खुश होतं तेवढं स्वतःच्या क्रिटवर (नॅट ट्वेंटीच्या वारावर) पण होत नाही. उलट मॉन्स्टरचे फंबल थोडे जास्त वाईट ठेवले तरी चालतात, शस्त्र तुटू दे, आपटू दे, ओगर काय तक्रार करायला येत नाही.

फक्त मोठ्या व्हिलनला यातून वेगळं काढा किंवा त्याचे फंबल गंभीर ठेवा. ज्याला सहा महिने घाबरवून ठेवलंय त्याची पँट सुटायला नको.

८. सांगायचं कसं

टेबलावरची ओळ वाचून दाखवू नका. "तीन. थैली सुटली. नाणी पडली." असं वाचलंत तर मंगळवारच्या मीटिंगचे मिनिट्स वाटतात.

पाळायची मुख्य गोष्ट ही की कॅरेक्टर मूर्ख दिसता कामा नये. तो नऊ लेव्हल चढून इथे आलाय, त्याला तलवार धरता येते. चूक परिस्थितीची: फरशी ओली होती, शत्रू अनपेक्षितपणे वाकला, दोरी कुजलेली होती. समजा पुलावर फाइट चालू आहे, समोर बगबेअर, आणि फायटरला नॅट वन, डी६ वर दोन.

वाईट प्रकार असा: "तू घसरतोस, तलवार फिरते, हाहा, तू आता चुकीच्या बाजूला आहेस."

आणि हा दुसरा:

डीएम: "वार बरोबर मानेवर चाललाय. पण फळी कुजकी आहे, तुझ्या वजनाने कडकन मोडते. तू पडू नये म्हणून काय धरतोस?"

प्लेयर: "काय धरतो म्हणजे, जे हाताला येईल ते. बगबेअर?"

डीएम: "त्याची दाढी. तो किंचाळतो, तुम्ही दोघं भोवऱ्यासारखे फिरता आणि आता तू पलीकडच्या काठावर आहेस. त्यांच्या शमनच्या दोन हातांवर. तो तुझ्याकडे बघतो आणि म्हणतो, 'ए, ह्याला इकडे कोणी सोडलं रे?'"

नियमाने काय झालं? जागा बदलल्या, बस. पण पुढच्या टर्नला त्या प्लेयरकडे शमन आहे, हातात तलवार आहे, आणि त्याला आता थांबवत नाही कोणी. प्लेयरला एक प्रश्न विचारायचा, काय धरतोस, कुठे लागतं, काय ओरडतोस, बाकी मजा तोच करतो. सिरियस कॅरेक्टरवाल्याला हाच प्रश्न जरा वेगळा विचारा: "वार का चुकतो? समोरच्याच्या चेहऱ्यात तुला कोण दिसतं?" झाला फंबल, आणि बापाच्या खुनाची गोष्ट पण पुढे सरकली.

मराठीत खेळत असाल तर गोब्लिन-ऑर्कच्या तोंडी मराठी टोमणे घाला, नियमाचे शब्द इंग्रजीच राहू देत. बार्बेरियनला "वजनदार माणूस दिसतोय, चालतं कसं हो एवढं?" असं विचारणारा गोब्लिन कुठल्याही टेबलापेक्षा जास्त डॅमेज करतो. पण टोमणा कॅरेक्टरला, प्लेयरला नाही. ज्या गोष्टीवरून माणसाला खऱ्या आयुष्यात चिडवलं जातं, तिकडे जायचंच नाही.

९. बदल्यात काहीतरी द्या

तिसरा ट्रिगर घेतला नसेल तरी फंबल झालेल्याला इन्स्पिरेशन द्या, विशेषतः त्याने स्वतः वर्णन केलं असेल तर. २०१४ च्या नियमात त्याने पुढे एखाद्या रोलला अॅडव्हान्टेज मिळतं, २०२४ मध्ये कुठलाही डाइस परत टाकता येतो. हे काही मी शोधलेलं नाही, डंजन वर्ल्ड नावाच्या गेममध्ये रोल ६ किंवा खाली आला की डीएमची मूव्ह होते आणि प्लेयरला एक एक्सपी (अनुभवाचा पॉइंट) पण मिळतो. आपटलो पण हाताशी काहीतरी आलं, एवढं वाटलं की पुरतं.

१०. टेबलावर आणायच्या आधी पेंढ्याची टेस्ट

ही टेस्ट डी अँड डी वाल्यांमध्ये जुनी आहे. दहा सैनिक, समोर पेंढ्याचे पुतळे, दहा मिनिटं सराव. एक राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला दहा राउंड, दहा मिनिटांत प्रत्येकाचे शंभर वार, सगळे मिळून हजार. त्यात साधारण पन्नास नॅट वन. आता तुमचं टेबल त्या पन्नासला लावून बघा. सरावाच्या शेवटी मैदानात कोणी मेलेला, लंगडा किंवा बिनबोटाचा असेल तर ते टेबल फाडा. पन्नास वेळा थैल्या सुटल्या, दिवे पडले, पुतळ्यांशी जागा बदलल्या, एवढंच झालं असेल तर चालतंय. हवालदार वैतागेल, पण हवालदार वैतागतोच.

११. ऑनलाइन खेळत असाल तर

अर्धा ग्रुप पुण्यात, एक जण बंगळुरूला आणि एक न्यू जर्सीत असा प्रकार आता कॉमन झालाय, तिथे डाइस अॅपमध्येच पडतात. रोल२० मध्ये रोलेबल टेबल बनवता येतं, फाउंड्रीमध्ये रोल टेबल, दोन्हीकडे तुमच्या सहा ओळी टाकून ठेवा. पण निकाल आधी फक्त डीएमला दिसेल असं सेटिंग ठेवा. नाहीतर चॅटमध्ये ओळ आपोआप येते, सगळे वाचतात, आणि तुम्ही सांगायला तोंड उघडेपर्यंत जोक शिळा झालेला असतो. नेट अडकतं तेव्हा तर फारच.

१२. ओळी बदलत राहा

एकच ओळ तिसऱ्यांदा आली की हसू येत नाही. आलेली ओळ पेन्सिलने खोडा, तिच्या जागी नवीन. दिवा पडला ही गुहेत मस्त चालते, भर दुपारी मैदानात कशाला? बोटीवरच्या फाइटला शीड आणि दोर पाहिजेत, राजवाड्यात झुंबर आणि गालिचे, बाजारात टोपल्या, बकऱ्या आणि भाव करणारी गिऱ्हाईकं. नवीन सहा लिहायला बसताना पुढच्या सेशनचा मॅप समोर ठेवा आणि जी वस्तू त्या मॅपवर नाही ती टेबलात टाकू नका, शनिवारी सकाळी चहाबरोबर दहा मिनिटांत होऊन जातं.